हे अस्वल कुठलं? : प्रवासात मातीची जनावरं देण्याबद्दल

नमस्कार मंडळी. विषय पत्रिकेत छापलाय तसाच आहे, प्रवासात अनोळखी माणसाला हातानं केलेलं जनावर द्यावं का आणि द्यायचं तर कुठलं. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे, मी बसनं, रेल्वेनं कुठंही निघाले की पर्समध्ये मातीची जनावरं असतात, अंगठ्याएवढी, बेळगावजवळच्या खानापूरच्या लाल मातीची, भाजलेली. शेजारच्या माणसाशी चार शब्द बोलणं झालं, उतरायची वेळ आली, की एक त्याच्या हातात द्यायचं. पैसे नाहीत, कार्ड नाही, फोन नंबर नाही, फोटो तर अजिबात नाही.

आता ही पद्धत काही मी काढलेली नाही. जगात काही लोक असं करतात, त्या जनावराला स्पिरिट अॅनिमल म्हणतात, म्हणजे लाकडाचा लांडगा, लोकरीचं घुबड असं काहीतरी करून प्रवासात भेटलेल्या माणसाला द्यायचं आणि सांगायचं, हा तुझा प्राणी, तुझ्या स्वभावाचा, तुझं रक्षण करणारा. मला त्यातलं देणं फार आवडलं, अगदी मनापासून. पण बसमध्ये अर्धा तास शेजारी बसलेल्या बाईला तिचा प्राणी कुठला हे सांगणारी मी कोण? तिचं घर मी बघितलेलं नाही, तिची माणसं मला माहीत नाहीत. माझं म्हणणं एवढंच आहे की जनावर द्यावं ते आपल्या मुलखाचं, आणि त्याबरोबर ते कुठं राहतं, काय खातं एवढं सांगावं. तिच्याबद्दल काही सांगू नये.

हे मला कुठं पक्कं कळलं तो सौंदत्तीच्या बसचा प्रसंग सांगते, जरा लांब आहे पण तो सांगितल्याशिवाय पुढचं पटणार नाही.

पौर्णिमेच्या आदला दिवस. तुम्हाला माहीतच आहे, जून २०२३ पासनं कर्नाटकात शक्ती योजना आली, सरकारी बसला बायकांना तिकीट झिरो, त्यामुळं सौंदत्तीच्या यल्लम्माच्या पौर्णिमेला बेळगाव स्टँडवर पाय ठेवायला जागा नसते. (आणि मला ते बघायला फार आवडतं बरं का, ज्या बायका आयुष्यात एकट्या हुक्केरीच्या पुढं गेल्या नव्हत्या त्या आता आधार कार्ड दाखवून गोकाकचा धबधबा बघून येतात, त्यावर कुणीतरी वेगळं व्याख्यान द्यायला पाहिजे.) तर त्या बसमध्ये परड्या, भंडारा, पोरं, सगळं खच्चून भरलेलं, आणि माझ्या शेजारी सासू-सून. सून तरुण, बोलकी. नेसरगीच्या अलीकडंच आमची ओळख झाली आणि मी तिला एक अस्वल दिलं, पाय पोटाशी घेऊन बसलेलं.

तिनं उलटंपालटं करून बघितलं, पाठीवर माझ्या बोटाचा ठसा राहिला होता त्यावर तिनं स्वतःचा अंगठा ठेवून बघितला, आणि म्हणाली, "किती द्यायचं ओ मावशी ह्याचं?"

"काही नको ग, असंच."

झालं! त्या 'असंच'वर सासू जागी झाली. "असंच कोण देतंय? कोण गावच्या तुमी? टाक ते भायेर, माट असंल."

माट म्हणजे करणी, जादूटोणा, ते ह्या हॉलमध्ये कुणाला सांगायला नको. बसमध्ये तर शब्द पडल्याबरोबर पुढच्या तीन सीटा वळल्या. एक म्हणतोय हळदकुंकू लावलंय काय बघा, दुसरी म्हणते काळा दोरा हाय काय, एकजण उभ्याउभ्याच विचारतोय, "लिंबू कुठाय लिंबू?" कानडीत एक चर्चा, मराठीत एक चर्चा, कंडक्टर दोन्हीकडं उत्तर देऊलालाय. सून बिचारी ते अस्वल मुठीत धरून बसली होती, टाकवेना आणि ठेववेना. तेवढ्यात मागनं एक काका आले, म्हणाले द्या इकडं, बाटलीतनं पाण्याचा एक थेंब त्याच्या पाठीवर सोडला, तो चट्कन आत गेला, मग वास घेतला आणि म्हणाले, "खानापूरची माती हाय ही. आमच्यात हेचीच मडकी करत्यात. ह्यात कसलं माट?" (खानापुरात कुंभारकामाची केंद्र सरकारची संस्थाच आहे, ती माती उगाच नावाजलेली नाही.)

तरी सासूचं समाधान नाही. पण तिनं प्रश्न मात्र बदलला. म्हणाली, "कुठलं अस्वल हे?"

मी म्हटलं, आपल्या भीमगडचं. जांबोटीच्या पुढं रानात असतंय, वारूळ फोडून वाळवी खातंय.

आणि ती बाई थांबली. तिचं म्हायेर जांबोटीकडंच! "फणस पिकले की परड्यात येत होतं की ओ, आमचा आजा पत्र्याचा डबा बडवत बसायचा रातभर." मग यरगट्टी येईपर्यंत तीच बोलत होती, अस्वल कसं चढतंय, कसं उतरतंय, माणूस दिसल्यावर दोन पायांवर कसं उभं राहतंय, आणि सून तोंडाकडं बघत बसली, कारण लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी सासूच्या म्हायेराबद्दल तिला काहीच माहीत नव्हतं. उतरताना अस्वल सासूच्या बटव्यात गेलं होतं.

मी जर म्हटलं असतं की अस्वल हा तुमचा प्राणी, तुम्ही धीट आहात, तर ते नेसरगीलाच खिडकीबाहेर गेलं असतं. आणि गेलं असतं ते बरोबरच.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिलीत म्हणे. मुख्य मुद्दा आता भराभर घेते.

मध्यंतरी एका पर्यटनवाल्यांनी माझ्याकडं घाऊक जनावरं मागितली, पाहुण्यांना वाटायला. त्यांना पाहिजे होता पांढऱ्या डोक्याचा अमेरिकन गरुड आणि पिसं लावलेला लांडगा, पाठीवर त्यांचा लोगो, आणि सोबत दहा प्रश्न, उत्तरं द्या आणि तुमचा प्राणी ओळखा. मी नाही म्हटलं. राग आला मला, खरं सांगते. कारण ती जनावरं कुणाची तरी आहेत. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतले झुनी म्हणून मूलनिवासी लोक दगडातनं छोटी जनावरं कोरतात, त्यांच्यात प्रत्येक दिशेचा राखणदार ठरलेला आहे : उत्तरेला पहाडी सिंह, पश्चिमेला अस्वल, दक्षिणेला बॅजर (बिळं खणणारं जनावर), पूर्वेला लांडगा, वर आकाशात गरुड आणि जमिनीखाली मोल, उंदरासारखं बिळातलं जनावर. पाठीवर बाणाचं दगडी टोक बांधतात, मक्याच्या पिठाचा नैवेद्य दाखवतात. आपल्या देवघरातल्या टाकांसारखंच की हे! दुसऱ्या कुणी करून मूलनिवासींनी केलंय म्हणून विकलं तर अमेरिकेत १९९० च्या कायद्यानं तो गुन्हा आहे. तिकडच्याच ओजिब्वे ह्या मूलनिवासी लोकांत करकोचा, अस्वल, मासा अशी कुळं आहेत, कूळ बापाकडनं येतं आणि एकाच कुळात लग्न होत नाही. आपल्याकडं देवक जुळलं तर सोयरीक मोडते, तेच. उद्या कुणी परदेशी माणसानं दहा प्रश्न विचारून तुमचं देवक ठरवलं तर चालेल का?

आणि आपल्याकडं काय कमी आहे? ज्येष्ठातल्या अमावास्येला शेजारच्या कानडी घरात काळ्या मातीचे बैल होतात, आपल्यात बेंदराला. मंगसुळीच्या खंडोबाचा घोडा आहे, कुत्रा आहे. भीमगडला २०११ मध्ये अभयारण्य झालं, तिथं गवा आहे, धनेश आहे. आणि तिथल्याच बारापेडीच्या गुहेतलं ते मोठ्या कानांचं वटवाघूळ, रॉटनचं म्हणतात त्याला, कितीतरी वर्षं सगळ्या जगात ते फक्त तिथंच माहीत होतं, मेघालयात आणि कंबोडियात सापडलं ते फार नंतर. बेळगावच्या माणसानं अमेरिकन गरुड वाटत फिरायचं आणि हे कुणाला माहीतच नसायचं?

करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. जनावर बसलेलं करा, पाय आणि शिंगं अंगाला चिकटलेली, नाहीतर पर्समध्ये मोडतात. आणि सावलीत पूर्ण वाळू द्या, घाई करू नका, आत ओल राहिली तर भट्टीत तिची वाफ होते आणि जनावर फुटतं, शेजारचीही घेऊन फुटतं. हळदकुंकू, लाल रंग, काळा दोरा काही लावायचं नाही, का ते आता कळलंच. लहान पोराला द्यायचं असेल तर आधी आईला विचारायचं. चार लोकांच्या देखत द्यायचं. कुणी नको म्हटलं तर परत पर्समध्ये, दुसऱ्यांदा आग्रह नाही.

बाहेर टेबलावर थोडे गवे आणि वटवाघळं ठेवलीत. जाताना घ्या, पण शोकेसमध्ये ठेवायला नको, पुढच्या प्रवासात कुणालातरी द्यायला घ्या. आणि ते कुठं राहतं असं समोरच्यानं विचारलं तर सांगता यायला पाहिजे, तेव्हा माहीत नसेल तर आधी मला विचारा, मी दाराशीच उभी आहे.