वजन उतरताना पायातलं बळ राखायचं

(दृश्य: बेळगाव, टिळकवाडी. व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली सकाळी चालणारी माणसं.)

निवेदन:
वजन कमी करण्याच्या स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा पाऊण हिस्सा किंवा त्याहून थोडा जास्त भाग काढून टाकतात. जठराच्या बायपासमध्ये (हृदयाच्या नव्हे) वरची छोटी पिशवी तेवढी वापरात राहते, साधारण ३० मिलिलिटरची, आणि ती थेट आतड्याला जोडतात. दोन्हींनंतर जेवण एकदम थोडकं होतं आणि काटा भराभर खाली येतो. मात्र चरबीबरोबर स्नायूही झिजत असतात, ते काट्यावर दिसत नाही. मांड्यांतलं बळ गेलं, तर वीस-पंचवीस किलो उतरूनही एसटीची पायरी चढताना दांडा घट्ट धरावा लागतो.

चालणं सुरू होतं ते दवाखान्यातच, बहुतेक वेळा शस्त्रक्रियेच्याच दिवशी. नातेवाइकांचा जीव कळवळतो, "आजच्या दिवस पडू दे की" म्हणतात. पण पडून राहिलं की पायातल्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी होऊ शकते, आणि ती फुफ्फुसात गेली तर जिवावर बेतते. म्हणून वॉर्डातल्या त्या दहा-वीस पावलांना औषधाइतकंच महत्त्व आहे.

(दृश्य: खानापूर भागातलं कौलारू घर. बाहेर पाऊस, आत सोप्यात चालणारी बाई.)

घरी आल्यावर दिवसातून पाच-सहा वेळा, प्रत्येक वेळी पाच-दहा मिनिटं चाला. एकदम लांबचा पल्ला नको. आपल्याकडे जूनपासून पाऊस लागला की रस्त्यावर चिखल आणि शेवाळ होतं. तेव्हा सोप्यात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चाललं तरी चालतं. महिनाभरात सलग अर्धा तास जमायला हवा. वेग असा असावा की बोलता येईल, पण गाणं म्हणायला दम पुरणार नाही.

आता उचलण्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त चूक इथंच होते. दुर्बिणीनं शस्त्रक्रिया करताना पोटावर पाडलेली भोकं बोटाच्या पेराएवढी दिसतात आणि दोन आठवड्यांत वरून भरतात. आतला स्नायूंचा थर जुळायला मात्र चार ते सहा आठवडे जातात. तोवर पाच किलोच्या वर काही उचलू नये, नाहीतर त्या जागी हर्निया होऊ शकतो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. बारा लिटरची घागर भांड्यासकट बारा किलोच्या पुढे जाते, आणि भरलेला गॅस सिलिंडर तीसच्या आसपास. आमच्या भागात पाणी भरणं बहुधा बाईच्याच वाट्याला येतं. "भोकं तर भरली" म्हणत ती दुसऱ्याच आठवड्यात घागर कमरेवर घेते. घरच्यांनी हे काम आधीच वाटून घ्यावं, तिनं सांगायची वाट बघू नये. रोप लावणीला वाकणं आणि पोती हलवणं डॉक्टरांनी तपासून मोकळीक दिल्यावरच. खोकला आला, तर पोटावर उशी दाबून धरा.

(दृश्य: भिंतीला टेकवलेली खुर्ची. हातांचा आधार न घेता उठणं-बसणं.)

नुसत्या चालण्यानं स्नायू राहत नाहीत. भिंतीला टेकवलेल्या, न हलणाऱ्या खुर्चीवरून हात न लावता उठा, सावकाश बसा. आठ-दहा वेळा, मध्ये विश्रांती, पुन्हा तेवढंच. सुरुवातीला जमलं नाही तर उंच खुर्ची घ्या. मग भिंतीवर हात टेकून दंड. सहा आठवडे झाले आणि डॉक्टरांनी हो म्हटलं, की रबरी पट्टा किंवा पाण्यानं भरलेल्या लिटरच्या दोन बाटल्या. हे एक दिवसाआड करावं.

व्यायामाला प्रथिनांची जोड नसेल, तर झीज थांबत नाही. दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम लागतात. एका अंड्यात सहा ग्रॅम, १०० मिलिलिटर दुधात तीन. म्हणून ताटात आधी अंडं, पनीर, मासा, घट्ट डाळ संपवा, जोंधळ्याची भाकरी नंतर. भाकरीनंच पोट भरलं तर बाकीचं तसंच राहतं.

उठताना डोळ्यांपुढं अंधारी आली, तर बहुधा पाणी कमी पडलेलं असतं. दिवसभरात दीड-दोन लिटर, घोट-घोट. जेवताना आणि जेवणानंतर अर्धा तास पाणी नको. वजन उतरलं तरी रक्तदाबाची आणि साखरेची गोळी जुन्याच मात्रेत चालू असेल, तरीही चक्कर येते. मात्रा डॉक्टरांकडून बदलून घ्या. चालून आल्यावर उसाचा रस नको. बायपास झालेल्याला त्यानं धडधड, घाम, पोटात कळ आणि जुलाब होऊ शकतात. गुडघा दुखला म्हणून औषधाच्या दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन परस्पर घेऊ नका. बायपासच्या जोडावर त्यानं व्रण होऊ शकतो.

(दृश्य: पिंडरीवर ठेवलेला हात.)

एकाच पिंडरीला सूज आणि दुखणं, एकाएकी धाप, ताप, बसल्या जागी १२० च्या वर नाडी, किंवा पाणीही न टिकणारी उलटी, यांतलं काहीही झालं, तर सकाळ होण्याची वाट बघू नका. खानापूर-निपाणीकडून बेळगावला पोचायला वेळ जातो. निघतानाच दवाखान्यात फोन करा, आणि कोणती शस्त्रक्रिया कधी झाली त्याचा कागद बरोबर घ्या.