पुरानंतर निघणारा गाळ

श्रोतेहो, नमस्कार.

मोठ्या नदीला पूर आला की तिच्या मुखाबाहेरचा समुद्र दूरवर मातकट दिसतो. उपग्रहाच्या चित्रांत तर तो पट्टा फारच देखणा असतो. बघणाऱ्याला वाटतं, गाळ निघाला लांबच्या प्रवासाला. पण त्यातला बराचसा गाळ त्या ऋतूत मुखाजवळच बसून राहतो.

चिकणमातीचा कण मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाएवढा धरा. स्थिर पाण्यात एक मीटर खाली जायला त्याला सुमारे तीन दिवस लागतात. गोड्या पाण्यात असे कण विद्युतभारामुळे एकमेकांना दूर ठेवतात. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात तो जोर ओसरतो, कण चिकटून त्यांचे पुंजके होतात, आणि पुंजका तेवढंच अंतर काही तासांत उतरतो. नदीनं हजारो किलोमीटर वाहून आणलेली माती दाराशीच खाली बसते ती अशी.

चीनची यांगत्से घ्या. तिचा पूर मे ते ऑक्टोबरचा, आणि वर्षाच्या गाळातला मोठा वाटा याच महिन्यांत येतो. तेव्हा समुद्रात वरचं पाणी गोडसर आणि उबदार, म्हणून हलकं. खालचं खारं नि थंड. हे थर सहजी मिसळत नाहीत, त्यामुळे तळाला बसलेला मऊ चिखल, एखादं वादळ सोडलं तर, फारसा हलत नाही.

मग हिवाळा येतो. उत्तरेचे वारे सुटतात, वरचं पाणी गार होऊन जड होतं, उथळ भागात लाटांचा हिसका थेट तळाला पोचतो. उन्हाळ्यात बसलेला गाळ उठतो आणि किनाऱ्यालगतचा प्रवाह त्याला झेजियांग, फुजियान या चीनच्या किनारी प्रांतांच्या कडेनं दक्षिणेला नेतो. तैवानच्या सामुद्रधुनीपर्यंत सुमारे 800 किलोमीटर लांबीचा चिखलाचा पट्टा तिथं तळाशी पसरलाय. काही जागी तो 40 मीटर जाड आहे, आणि तो साचायला सुमारे 7,000 वर्षं लागली. गंमत अशी, की नदी रोडावलेली असते तेव्हाच इथला किनारी समुद्र जास्त गढूळ असतो.

हे मोजणं मात्र कठीण. उपग्रहाला वरचंच पाणी दिसतं, आणि दाट गाळ सरकतो तळालगत. शिवाय वादळी हवेत जहाज उभं करून नमुने कोण काढणार? म्हणून तळावर तिपाई ठेवून तिच्यावर यंत्रं बसवतात. ती वादळातही नोंदी घेत राहतात. माझ्या मते पुराच्या चित्रांपेक्षा या नोंदी कितीतरी बोलक्या आहेत.

सगळीकडे वेळापत्रक असंच नसतं. अॅमेझॉनचा पूर मे-जूनच्या सुमाराला शिगेला पोचतो, तर तिचा चिखल जिथं जातो त्या गयानांच्या, म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य टोकाच्या, किनाऱ्यावर लाटा जोरात असतात त्या साधारण जानेवारी ते एप्रिलमध्ये. तिथं चिखलाचे अख्खे बांध वर्षाला एक ते पाच किलोमीटर वायव्येकडे सरकतात.

पुन्हा यांगत्सेकडे येतो. 1950 आणि 60च्या दशकांत ती वर्षाला पन्नास कोटी टनांच्या आसपास गाळ आणत होती. पुढे खोऱ्यात धरणं वाढत गेली, 2003मध्ये थ्री गॉर्जेस धरणात पाणी अडवायला सुरुवात झाली, आणि आता गाळ त्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी येतो. हिवाळी वारे आणि लाटा मात्र आपलं काम सोडत नाहीत. नवा माल अपुरा पडला की समुद्र जुना उचलतो. त्रिभुज प्रदेशाचा पाण्याखालचा उतार काही ठिकाणी झिजू लागलाय.