पैसे दिले, गाणी कुठं गेली?

[दृश्य: मोबाइलच्या पडद्यावर गाण्यांची यादी. अर्ध्याहून जास्त ओळी करड्या. बोट एका ओळीवर दाबतं, काहीच होत नाही.]

यादी जशीच्या तशी आहे. गाण्याचं नाव आहे, गायकाचं नाव आहे, चित्रही आहे. फक्त ओळ करडी पडली आहे आणि गाणं वाजत नाही. ब्रह्मपुरी, नागभीड, वडसा या पट्ट्यातल्या कुठल्याही मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात अशी तक्रार येतेच. "सगळे गाने गेले ना जी!" आणि लगेच दुसरं वाक्य, "पैसे देऊन घेतले होते."

दुकानदाराला इथं पहिला प्रश्न विचारावा लागतो. पैसे नेमके कशाचे दिले होते?

कारण पैसे देण्याचे तीन प्रकार आहेत आणि तिन्हींचा शेवट वेगळा होतो. पहिला प्रकार महिन्याच्या किंवा वर्षाच्या वर्गणीचा. ॲपमध्ये बाण दाबला, गाणं "डाउनलोड" झालं, रेंज नसतानाही वाजू लागलं. ही फाइल फोनमध्ये असते, पण कुलूपबंद. ती म्युझिकच्या फोल्डरमध्ये सापडत नाही, कॉपी करून दुसऱ्या फोनवर नेली तरी वाजत नाही. स्पॉटिफायमध्ये तर ३० दिवसांतून एकदा तरी इंटरनेटला जोडावं लागतं, नाहीतर उतरवलेली गाणीही बंद. ठेक्यानं केलेल्या वावरासारखं हे आहे. पीक घ्या, पण सातबारा दुसऱ्याच्या नावावर. वर्गणी संपली की गाणी जातात, आणि त्यात चोरी किंवा बिघाड काही नाही. करारच तसा आहे. या गाण्यांचा बॅकअप होत नाही, त्यामुळे त्यात वेळ घालवू नका.

दुसरा प्रकार, एकेक गाणं किंवा अल्बम खरंच विकत घेणं. तिसरा प्रकार आपल्याकडचा आहे आणि त्याकडे कुणी फारसं लक्ष देत नाही. साऊंड सर्व्हिसवाले, ऑर्केस्ट्रात गाणारे, भजन मंडळं नागपूरच्या स्टुडिओतून कराओके ट्रॅक, बँडचे ट्रॅक, मंडळाचं स्वतःचं रेकॉर्डिंग असं काही ना काही घेतात. पैसे यूपीआयनं जातात, माल व्हॉट्सॲपवर किंवा ड्राइव्हच्या लिंकवर येतो. हीसुद्धा डिजिटल खरेदीच. आणि सर्वांत आधी हरवते तीही हीच.

[दृश्य: लॅपटॉपवर फाइल्सची यादी. कॅमेरा नावाच्या शेवटच्या अक्षरांवर येतो.]

आधी दुसऱ्या प्रकाराचं बघू. दुकान बंद पडलं की काय होतं, याचे दाखले आहेत. याहूनं आपलं गाण्यांचं दुकान ३० सप्टेंबर २००८ ला बंद केलं. तिथली गाणी कुलूपवाली होती आणि किल्ली देणारा सर्व्हरच गेला. ज्यांनी पुढे संगणक बदलला, त्यांची विकत घेतलेली गाणी नव्या संगणकावर उघडेनात. आपल्याकडे फ्लिपकार्टनं फेब्रुवारी २०१२ मध्ये फ्लाइट नावाचं दुकान उघडलं आणि जून २०१३ मध्ये गुंडाळलं. पण तिथं साध्या एमपीथ्री मिळायच्या. ज्यांनी त्या वेळीच उतरवून ठेवल्या, त्यांची गाणी आजही वाजतात. गूगल प्ले म्युझिकवरही आपल्याकडे २०१६ पासून गाणी विकत मिळत होती. डिसेंबर २०२० मध्ये ती सेवा बंद झाली आणि २४ फेब्रुवारी २०२१ नंतर तिथला साठा पुसला गेला. यूट्यूब म्युझिकवर हलवायची किंवा उतरवून घ्यायची सोय दिली होती, ईमेलही पाठवले होते. पण तो ईमेल वाचणार कोण? खातं मोबाइलवाल्यानं उघडून दिलेलं, पासवर्ड त्यालाच माहीत.

आयट्यून्सचं दुकान भारतात डिसेंबर २०१२ मध्ये आलं. त्याआधीच, २००९ मध्ये, ॲपलनं विकायच्या गाण्यांवरचं कुलूप काढलं होतं. म्हणून इथं घेतलेलं गाणं ओळखायची सोपी खूण आहे. फाइलच्या नावाच्या शेवटी एम-फोर-ए असेल तर ते विकत घेतलेलं, कुठंही कॉपी करता येतं. एम-फोर-पी असेल तर ते वर्गणीतून आलेलं, कुलूपबंद. फरक एका अक्षराचा. विंडोज ही शेवटची अक्षरं लपवून ठेवतं, त्यामुळे फोल्डरच्या "व्ह्यू" मेनूत जाऊन "फाइल नेम एक्स्टेन्शन्स" वर खूण करायची, मग ती दिसतात.

विकत घेतलेलं गाणं फोनवरून पुसलं गेलं असेल तर ते बहुधा पुन्हा फुकट उतरवता येतं. आयफोनवर आयट्यून्स स्टोअरमध्ये "मोअर", मग "पर्चेस्ड", मग "म्युझिक", आणि "नॉट ऑन धिस आयफोन". ढगाच्या चित्रावर बोट दाबायचं. पण "बहुधा" हा शब्द मुद्दाम वापरला आहे. कंपनीनं ते गाणं दुकानातून काढून घेतलं असेल, हक्क दुसऱ्याकडे गेले असतील, तर यादीतूनही ते जातं. म्हणून घेतलं त्याच दिवशी फाइल उतरवायची.

[दृश्य: जुना बटणाचा फोन, सिम काढलेलं. शेजारी नवा फोन, पडद्यावर ओटीपीची चौकट.]

आता गावाकडचं खरं दुखणं. शहरी लेखांत हार्ड डिस्क बिघडण्याची भीती घालतात. इथं डिस्कच्या आधी नंबर जातो. धान निघेपर्यंत रिचार्ज मारायला पैसे नाहीत, किंवा दोन सिमपैकी एक सोडून दिलं. नंबर बंद झाल्यावर किमान ९० दिवस तो दुसऱ्याला दिला जात नाही. पुढे तो कुणालाही मिळू शकतो. खातं त्याच नंबरवर असेल तर ओटीपी आता दुसऱ्याच्या फोनवर जाणार. शिवाय गूगलचं वैयक्तिक खातं २ वर्षं वापरलंच नाही तर ते पुसलं जाऊ शकतं. म्हणून गाण्यांचा बॅकअप घेण्याआधी हे करा: खात्याच्या सेटिंगमध्ये आजचा चालू नंबर टाका, घरातल्या दुसऱ्या कुणाचा ईमेल "रिकव्हरी" म्हणून जोडा, आणि पासवर्ड एका वहीत लिहून कागदपत्रांच्या पेटीत ठेवा. वहीला नावं ठेवणारे ठेवोत. रेशनकार्ड जिथं सुरक्षित राहतं तिथं पासवर्डही राहतो.

अजून एक गैरसमज. "फोनचा बॅकअप चालू आहे" म्हणजे गाणी सुरक्षित, असं नाही. गूगलचा बॅकअप फोटो, व्हिडिओ, नंबर, सेटिंग, ॲपची माहिती घेतो. म्युझिक किंवा डाउनलोड फोल्डरमधल्या एमपीथ्री तो घेत नाही. फोन रीसेट केला की त्या गेल्या.

तिसऱ्या प्रकारात, म्हणजे व्हॉट्सॲपवर आलेल्या ट्रॅकमध्ये, गडबड वेगळी. आली तेव्हा फाइल उतरवली नाही, तर काही आठवड्यांनी ती उतरतच नाही आणि पाठवणाऱ्याला पुन्हा मागावी लागते. ऑडिओ म्हणून आली असेल तर नावही बदलतं: ए-यू-डी, मग तारीख, मग डब्ल्यू-ए आणि आकडा. असे २०० ट्रॅक झाले की लग्नाच्या मांडवात हवा तो सापडत नाही. स्टुडिओला सांगा, "डॉक्युमेंट म्हणून पाठवा." मूळ नाव टिकतं. ड्राइव्हची लिंक आली तर ती जपून ठेवण्यात अर्थ नाही. स्टुडिओवाला जागा मोकळी करतो आणि लिंक मरते. फाइल उतरवा, बिलाचा किंवा यूपीआय पावतीचा फोटो त्याच फोल्डरमध्ये टाका.

[दृश्य: आठवडी बाजार. जमिनीवर पसरलेल्या ताडपत्रीवर चार्जर, इअरफोन, मेमरी कार्ड.]

आता ठेवायचं कशात? जागेचा हिशेब सोपा आहे. ३२० केबीपीएसची, म्हणजे वरच्या दर्जाची, एमपीथ्री मिनिटाला साधारण २.४ एमबी खाते, म्हणजे ५ मिनिटांचं गाणं १२ एमबी. स्टुडिओनं वेव्ह, म्हणजे आवाज न दाबलेली, फाइल दिली असेल तर तेच गाणं ५० एमबीच्या पुढे जातं. सरासरी १० एमबी धरली तर २००० गाण्यांना २० जीबी. ६४ जीबीचा एक पेनड्राइव्ह पुरेसा आहे. १ टीबी, २ टीबी लिहिलेला पेनड्राइव्ह बाजारात दोन-तीनशे रुपयांत मिळत असेल तर तो खोटा आहे, हे धरूनच चाला.

खोट्या मेमरी कार्डाचं गणित समजून घेण्यासारखं आहे. आत चिप ८ जीबीची असते, पण कार्डाच्या मेंदूला "मी १२८ जीबीचा" असं सांगायला शिकवलेलं असतं. पहिले ८ जीबी नीट बसतात. पुढची गाणी भरताना कुठलीही चूक दाखवली जात नाही. नाव दिसतं, आकार दिसतो, आत काहीच नसतं. काही कार्डांत नवी फाइल जुनीवरच लिहिली जाते, म्हणजे आधीची गाणीही जातात. मालक म्हणतो, कार्ड खराब झालं. ते खराब नाही, ते पहिल्यापासून तेवढंच होतं. म्हणून नवं कार्ड किंवा पेनड्राइव्ह आणला की रिकामा असतानाच तपासा. विंडोजवर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू, लिनक्सवर एफ-थ्री. दोन्ही मोफत. पूर्ण जागा भरून पुन्हा वाचून बघतात. साध्या ६४ जीबीच्या पेनड्राइव्हला अडीच-तीन तास लागतात, आणि मध्ये वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून. सकाळी लावून कामाला निघून जायचं.

[दृश्य: टिनाच्या छपराखालचं टेबल. लॅपटॉप, त्याला जोडलेली पोर्टेबल डिस्क.]

हार्ड डिस्क घेतली तर उन्हाळा लक्षात ठेवा. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. बऱ्याच पोर्टेबल डिस्कच्या माहितीपत्रकात, चालू असताना भोवतालची हवा ३५ अंशांपर्यंत असावी, असं लिहिलेलं असतं. टिनाखाली दुपारी २ वाजता ५०० गाणी कॉपी करायला लावणं म्हणजे डिस्कचं आयुष्य कमी करणं. पहाटे करा. पेनड्राइव्ह आणि कार्ड वर्षानुवर्षं न जोडता, त्यातही गरम जागी पडून राहिले, तर आतला विद्युतभार झिरपून माहिती बिघडू शकते. गाडीच्या डॅशबोर्डवरचा पेनड्राइव्ह हा वाजवायचा, तो बॅकअप नव्हे.

पावसाळ्याच्या तोंडाला विजा. बॅकअपची डिस्क कॉपी करण्यापुरती जोडायची, काम झालं की काढून पेटीत. संगणकाला कायम जोडून ठेवली तर एका विजेत संगणकही जातो आणि बॅकअपही.

तीन प्रती असाव्यात: वापरातली एक, घरातच वेगळ्या साधनावर एक, आणि गावाबाहेर एक. मुलगी नागपुरात शिकत असेल तर तिच्या खोलीवर एक पेनड्राइव्ह ठेवा आणि दिवाळीला आली की अदलाबदल करा. हे क्लाउडपेक्षा सोपं पडतं. २ एमबीपीएसच्या वेगानं २० जीबी चढवायला सलग २२ तास लागतात, आणि रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये तेवढं चढायला १४ दिवस. गूगलची मोफत जागा १५ जीबी, त्यातही फोटो आणि ईमेल. म्हणून क्लाउडवर फक्त पुन्हा न मिळणारं ठेवा. सिनेमाचं गाणं उद्या परत विकत घेता येईल. खंजिरीवरची मंडळाची भजनं, झाडीपट्टीच्या नाटकाचं मंडईतल्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेतल्या, रात्री केलेलं रेकॉर्डिंग कुठल्याच दुकानात मिळणार नाही. ते आधी.

घरी संगणक नसेल तर ओटीजीचा पेनड्राइव्ह घ्या, ज्याला एका बाजूला टाइप-सी पिन असते. तो फोनमध्ये लावा, गूगल फाइल्समध्ये "ऑडिओ" उघडा, सगळी निवडा, "कॉपी टू" मध्ये यूएसबी. "मूव्ह" दाबू नका. मध्येच ओढून काढला तर फाइल अर्धी राहते. फोनला हार्ड डिस्क लावू नका. तिला लागणारी वीज बरेच फोन पुरवू शकत नाहीत, डिस्क टिक-टिक करून बंद पडते. फॉरमॅटही, म्हणजे पेनड्राइव्हवर फाइल्स मांडायची पद्धतही, बघा: एनटीएफएस बहुतेक अँड्रॉइड फोन वाचत नाहीत, आणि मांडवातले जुने यूएसबी ॲम्प्लिफायर फक्त फॅट-३२ ओळखतात.

संगणकावर दोन फोल्डर ताडून प्रत करायला फ्रीफाइलसिंक हा प्रोग्रॅम चांगला. पण त्यात "मिरर" आणि "अपडेट" यातला फरक ओळखा. मिररमध्ये लॅपटॉपवरून चुकून पुसलेलं गाणं बॅकअपमधूनही पुसलं जातं. गाण्यांसाठी "अपडेट" निवडा. वर्षातून एकदा तुलना तारखेवर न करता "फाइल कंटेंट" वर करा. वेळ लागतो, पण कुठल्या गाण्याच्या दोन प्रती आतून जुळत नाहीत ते कळतं, मग ऐकून सडलेली प्रत शोधायची.

[दृश्य: पडद्यावर गाण्यांच्या नावांच्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हं.]

मराठी नावांचे चौकोन झाले तर गाणं बिघडलेलं नसतं. त्याच्या टॅगची, म्हणजे फाइलच्या आत लिहिलेल्या गाण्याच्या-गायकाच्या नावाची, लिपी चुकीच्या पद्धतीनं साठवलेली असते, किंवा वाजवणाऱ्या यंत्राकडे देवनागरी नसते. एमपीथ्रीटॅग या प्रोग्रॅममध्ये टॅग आयडी-थ्री २.३, यूटीएफ-१६ असा जतन केला की बहुतेक फोनवर नाव नीट दिसतं. मांडवातल्या ॲम्प्लिफायरवर नाही दिसलं तर फाइलचं नाव रोमन अक्षरांत ठेवण्याला पर्याय नाही.

आणि गाणी गेलीच तर? कार्डातून पुसली असतील तर त्याच क्षणी कार्ड बाहेर काढा. त्यावर नवा फोटोसुद्धा काढू नका. फोटोरेक हे मोफत साधन नावाप्रमाणे फक्त फोटोंपुरतं नाही, ते एमपीथ्रीही शोधून देतं. सापडलेलं त्याच कार्डात नव्हे, दुसरीकडे उतरवायचं. फोनच्या आतल्या साठ्यातून पुसलेलं मात्र सहसा परत येत नाही, कारण तो साठा सांकेतिक रूपात (एनक्रिप्टेड) असतो. हार्ड डिस्क टकटक वाजत असेल तर पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका, आणि दुकानात टेबलावर उघडू तर मुळीच देऊ नका.

फोटोरेकनं परत आणलेल्या गाण्यांना जुनी नावं नसतात, नुसते आकडे असतात. टॅग भरलेले असतील तर एमपीथ्रीटॅग त्यावरून सगळ्या फाइल्सना एका झटक्यात नावं देतं. टॅग रिकामे असतील तर एकेक गाणं ऐकून नाव द्यावं लागतं. ६०० गाणी, प्रत्येकी ३० सेकंद, म्हणजे ५ तास.