गालाक्सीदी: शिडांचं गाव

मंडळी, विषय जाहीर झालाय 'वाफेपुढे शिडं का हरली'. त्यावर येतोच. पण आधी गालाक्सीदी तुमच्या डोळ्यांसमोर उभं राहू दे, नाहीतर काय गेलं ते कळायचं नाही.

ग्रीसमधलं, कोरिंथच्या आखातावरचं हे गाव. प्राचीन देवळांसाठी प्रसिद्ध असलेल्या डेल्फीहून ऑलिव्हच्या बागांतून खाली उतरायचं, इतेआ बंदर गाठायचं आणि किनाऱ्याने पुढे जायचं. सगळं मिळून तीसेक किलोमीटर. आमच्या सहलीत तिथे फक्त जेवणाचा थांबा होता. मी संग्रहालयाचं विचारलं तर मार्गदर्शक म्हणाला, "तिथे ना देवळं, ना पुतळे. बघणार काय?" हे मला अजून झोंबतं. ग्रीस म्हणजे पडके खांब, एवढंच आपल्याला दाखवायचं ठरलेलं! मी जेवण सोडलं आणि सागरी संग्रहालय गाठलं.

आत भिंतीभर जहाजांची चित्रं. कप्तान ज्या बंदरात उतरत, तिथल्या चित्रकाराकडून आपल्या जहाजाचं चित्र काढून घेत. आपण घरात आजोबांचा फोटो लावतो ना, तसं. शीड न् शीड, दोर न् दोर जिथल्या तिथे. गिऱ्हाईकच कप्तान, एक दोर चुकला असता तर त्याने पैसे दिले असते का? माझे आजोबा मचव्यावर तांडेल होते. त्या मचव्याचं साधं रेखाटनही आमच्या घरात नाही. त्या चित्रांसमोर मी बराच वेळ उभा होतो.

आणि हो, आपल्या शिमग्याच्या आगेमागे तिथे पिठाची धूळवड असते! ईस्टरपूर्वीच्या उपवासाचा पहिला दिवस, 'स्वच्छ सोमवार'. त्या दिवशी अख्खं गाव रंगीत पीठ उधळतं, तोंडाला काजळी फासतं. जुनी घरं आधी प्लास्टिकने झाकून ठेवतात. इथे कोकणातली मंडळी बसलीत, त्यांना वेगळं काय सांगू?

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं.

१८२१ मध्ये, ग्रीसच्या स्वातंत्र्ययुद्धात, ऑटोमन म्हणजे तुर्की साम्राज्याच्या आरमाराने हे गाव जाळलं. तरी लोकांनी पुन्हा जहाजं बांधली, गावातच, आपल्या सुतारांच्या हातून. एका जहाजात अनेकांचे हिस्से. नफा वाटून, बुडालं तर तोटाही वाटून. मग आली वाफ. तिला इंजिन हवं, लोखंड हवं, कोळसा हवा, आणि हिश्शाहिश्शाने जमणार नाही एवढं भांडवल. ग्रीसच्याच सीरोस बेटावर १८६१ मध्ये निओरिओन ही गोदी उभी राहिली, तिथे वाफेची जहाजं बांधली जाऊ लागली. गालाक्सीदीकर शिडालाच धरून राहिले. त्यांना मी अडाणी म्हणणार नाही. जे कसब पिढ्यान्‌पिढ्या हातात होतं त्यावर त्यांनी भरवसा ठेवला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ताफा संपला, कितीतरी माणसं अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरात गेली. कप्तानांची घरं मात्र आजही उभी आहेत. माझ्या मते त्याचं कारण साधं आहे: ती पाडून नवी बांधायला गावात पैसाच उरला नव्हता.