क्रिएटिनिन वाढलं, पण सूज उतरली का?

(फोंडा येथे ज्येष्ठ नागरिकांसमोर झालेल्या व्याख्यानातून)

हार्ट फेल्युअरने धाप लागलेला पेशंट दाखल होतो, लघवीची इंजेक्शनं सुरू होतात, आणि तिसऱ्या दिवशी मुलगा रिपोर्ट घेऊन तावातावाने येतो: 'आणलं तेव्हा क्रिएटिनिन 1.4 होतं, आज 1.8. इंजेक्शनांनी बाबांची किडनी घालवलीत!' क्रिएटिनिन म्हणजे मूत्रपिंड गाळून बाहेर टाकतं तो रक्तातला कचरा; गाळणं मंदावलं की आकडा चढतो. मी त्याला आधी बाबांच्या पायांशी नेतो. नडगीवर अंगठा दाबून धरायचा. काल पडत होता तो खड्डा आज पडतो का?

हृदय फेकतं त्यातलं जवळजवळ पाचवा हिस्सा रक्त मूत्रपिंडांकडे जातं. हृदय थकलं की तिथे रक्त कमी पडतं, एवढंच आम्हीही बरीच वर्षं धरून चाललो. ते अर्धंच खरं. पुष्कळांचा रक्तदाब चांगला असतो, तरी क्रिएटिनिन चढलेलं असतं, कारण पुढे न गेलेलं रक्त मागे शिरांत तुंबतं. आपल्या खाजनातली, म्हणजे नदीकाठच्या खाऱ्या शेतातली, मानस (बांधातलं पाण्याचं दार) आठवा. नदीला भरती असेतो शेतातलं पाणी बाहेर पडत नाही. शिरांतला दाब चढला की मूत्रपिंडाच्या गाळणीचं तसंच होतं.

दाखल होतानाचे आकडे मात्र गंभीरपणे घ्यायचे. अमेरिकेतल्या 65 हजारांवर भरतींचा अभ्यास 2005 साली आला. बीयूएन (रक्तातल्या युरियामधला नायट्रोजन) 43 किंवा जास्त, वरचा रक्तदाब 115 च्या खाली, क्रिएटिनिन 2.75 किंवा जास्त; तिन्ही जुळले तर रुग्णालयातच सुमारे 22 टक्के दगावले, सर्वांत कमी धोक्याच्या गटात 2 टक्के. आपल्याकडच्या लॅब बहुधा युरिया छापतात, बीयूएन नव्हे. त्या हिशेबाने 43 म्हणजे युरिया साधारण 92. रिपोर्टात युरिया 43 च्या वर दिसला म्हणून उगाच घाबरू नका.

उपचार चालू असताना क्रिएटिनिन 0.3 ने वाढलं, पण लघवी भरपूर होतेय, वजन उतरतंय, मानेची शीर खाली बसलीय, तर सहसा ते वाढणं तितकं वाईट नसतं. 2011 च्या एका चाचणीत लघवीच्या औषधाचा जास्त डोस घेतलेल्यांचं क्रिएटिनिन सुरुवातीला अधिक वेळा वाढलं, 60 दिवसांनी दोन्ही गटांत फरक उरला नाही. सूज तशीच आणि क्रिएटिनिनही वर, ही जोडी खरी वाईट. तेव्हा इंजेक्शन थांबवा म्हणून हट्ट धरू नका. बहुधा ते वाढवावं लागतं. हल्ली इंजेक्शननंतर दोन तासांनी लघवीतलं सोडियम बघता येतं. ते 50 ते 70 च्या खाली राहिलं तर डोस पुरलेला नाही.

घरी गेल्यावर रोज सकाळी खाण्यापूर्वी वजन करा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर पाय सुजायची वाट न बघता डॉक्टरांना कळवा. पुरुमेंताचे (पावसाळ्यासाठी साठवलेले) खारे बांगडे आणि मिठातली तोरं (कैऱ्या) या ताटात नकोत. आणि गुडघा दुखतो म्हणून फार्मसीतून परस्पर डायक्लोफेनॅक आणू नका. आम्ही पाणी काढत असतो, ती गोळी मीठपाणी धरून ठेवते, वर मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही आवळते.