पिंग होतंय, पण काम होत नाही

(दृश्य : रात्रीचे अडीच. बँकेच्या शाखेतली छोटी खोली, रॅकवर हिरवे दिवे.)

दोन्ही टोकांना लिंक अप आहे. पुण्याहून मुंबईला पिंग केलं, म्हणजे ‘आहेस का?’ विचारणारं पॅकेट (डेटाचा तुकडा) पाठवलं, की दोन-तीन मिलिसेकंदांत उत्तर येतंय, एकही पॅकेट हरवत नाही. तरी शाखेचा 12 जीबीचा बॅकअप सकाळपर्यंत संपत नाही. 100 एमबीपीएसची लाईन जेमतेम 4 देतेय. तीन वेळा तक्रार आमच्याकडे, म्हणजे लाईन देणाऱ्या कंपनीकडे, आली, तीनदा ‘आमच्याकडून ओके’ असं लिहून तिकीट बंद केलं गेलं. शाखेतल्या माणसाचं म्हणणं मात्र पहिल्या दिवसापासून खरं होतं.

पिंगचं पॅकेट असतं चिमुकलं, आणि सेकंदाला एकच जातं. रिकाम्या रस्त्यावरून एक सायकल नीट गेली, म्हणून ट्रकची रांग जाईल असं नाही.

(दृश्य : भिंतीवरचा डबा. एका बाजूने पिवळी फायबर, दुसरीकडून निळी केबल.)

आमची हद्द इथे संपते, ग्राहकाची सुरू होते. निम्मी भांडणं याच वीतभर केबलवर होतात. म्हणून मी आधी ती काढतो आणि तिथे टेस्टर लावतो. पलीकडच्या टोकाला लूप, म्हणजे आलेलं सगळं तसंच परत पाठवणारी जोडणी. 1518 बाइटच्या पूर्ण फ्रेम (डेटाची पाकिटं), पूर्ण वेगाने, 15 मिनिटं. आयटीयू या दूरसंचाराची मानकं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2011 साली वाय.1564 ही पद्धत आणली ती अशाच कामासाठी : वेग, गळती, विलंब आणि जिटर (विलंबातला चढउतार) एकत्र मोजायचे.

गळती शून्य. म्हणजे मुंबईपर्यंतची वाट स्वच्छ आहे.

निळी केबल पुन्हा लावली आणि आमच्या पोर्टचे काउंटर (चुकांची मोजणी) उघडले. लेट कोलिजन, म्हणजे उशिरा झालेल्या टकरा : 41... 57... 90. डोळ्यांदेखत वाढतायत. वर एक ओळ : स्पीड 100, डुप्लेक्स हाफ. म्हणजे एका वेळी एकाच दिशेने वाहतूक; फुल असेल तर दोन्ही दिशांनी.

ग्राहकाच्या स्विचवर कुणीतरी ‘100 फुल’ पक्कं करून ठेवलं होतं, आमचा पोर्ट ऑटोवर, म्हणजे समोरच्याशी वाटाघाटी करून ठरवणारा. पक्कं केलेलं टोक वाटाघाटी करत नाही. ऑटोवरच्या टोकाला समोरचा वेग ओळखता येतो, डुप्लेक्स कळत नाही. मग नियमाप्रमाणे ते हाफ धरतं. घाटातला एकपदरी पूल समजा : इकडचा ड्रायव्हर समोरची गाडी जाईपर्यंत थांबतो, तिकडच्याला वाटतं पूल दुपदरी आहे. गाड्या तुरळक असतील तोवर निभावतं. बॅकअप सुरू झाला, की टक्कर.

प्रत्येक वेळी दोष केबलपाशीच सापडतो असं नाही. पावसाळ्यात जेसीबीने फायबर तोडली, की ट्रॅफिक लांबच्या वाटेने वळतो. वाट 500 किलोमीटरने वाढली, तर जाऊन-येऊन 5 मिलिसेकंद जादा लागतात. जुनं सॉफ्टवेअर 64 केबीपर्यंतच पाठवून पोच मिळायची वाट बघत असेल, तर 5 मिलिसेकंदांवर 105 एमबीपीएस देणारं कनेक्शन 10 वर 52 देतं. लाईनमध्ये काहीच बिघडलेलं नसतं, गळतीही नसते. ग्राहकाला हे सांगितलं पाहिजे, आणि समजेल असं सांगितलं पाहिजे.

(दृश्य : लॅपटॉपचा पडदा.)

दोन्ही टोकं ‘100 फुल’ केली. काउंटर शून्यावर आणले. बॅकअप पुन्हा सुरू केला : सतरा मिनिटं.

सकाळी दहाला शाखा उघडली, सगळे काउंटर गजबजले. मी पोर्टचे आकडे परत पाहिले. लेट कोलिजन : 0.