आकड्यातून गळालेले पुरुष

[दृश्य: टेकडीवरचं गाव, दगडी घरांच्या रांगा]

कॉन्सेट. इंग्लंडच्या ईशान्येला, डरहॅम परगण्यातलं गाव. इथल्या पोलाद कारखान्याची लाल धूळ गावभर बसायची. छपरांवर, खिडक्यांवर, दोरीवरच्या धुण्यावर. 1840 पासून चालत आलेला हा कारखाना सप्टेंबर 1980 मध्ये बंद झाला. सुमारे 3,700 नोकऱ्या गेल्या, त्यातल्या बहुतेक पुरुषांच्या. बाप, मुलगा, काका, सगळे एकाच फाटकातून कामावर जाणारे.

नवं काम आलंच नाही, असं नाही. दोनच वर्षांत गावात चिप्सचा एक कारखाना निघाला, चांगला नावारूपालाही आला. पण भट्टीवरच्या हजारो हातांना तो कुठून पुरणार?

जानेवारी 1982 मध्ये ब्रिटनमधल्या बेरोजगारांची संख्या 30 लाखांवर गेली. पोलाद, जहाजबांधणी, कोळसा, ज्यात पुरुषच भरलेले ते सगळे धंदे एकदम बसत होते. पुढे यथावकाश आकडा उतरला. कसा उतरला, मेख तिथे आहे.

तेव्हाच्या सरकारी हिशोबात बेरोजगार म्हणजे भत्त्यासाठी दर पंधरा दिवसांनी कार्यालयात जाऊन सही करणारा. 1983 मध्ये सरकारने साठी ओलांडलेल्या पुरुषांना सहीतून सूट दिली. झालं! एका निर्णयात लाखाहून जास्त माणसं यादीतून गेली, कुणालाही नोकरी न लागता.

[दृश्य: बंद खाणीचा मनोरा]

त्याहून कमी वयाच्यांसाठी दुसरी वाट होती, आजारपणाच्या भत्त्याची. वीस वर्षं खाणीत राबलेल्या माणसाची पाठ, गुडघे, फुप्फुसं धड असतात कुठे? खाण चालू असताना अशाला जमिनीवरचं हलकं काम मिळायचं, घर चालायचं. खाण मिटली आणि ते हलकं कामही गेलं. मग डॉक्टरचं प्रमाणपत्र. या भत्त्यात पैसे थोडे जास्त, शिवाय सहीच्या रांगेत उभं राहणं नको. आणि जो काम शोधत नाही, तो बेरोजगारांत धरला जात नाही. 1970 च्या दशकाअखेर हा भत्ता घेणारे सात-आठ लाख होते. 2000 नंतर, बायका-पुरुष मिळून, 25 लाखांच्या वर. काहींनी याला कामचुकारपणा म्हटलं. मला ते पटत नाही. दुखणं खरंच होतं, आधी ते नोकरीत झाकलं जायचं एवढंच.

अमेरिकेत हीच गळती सावकाश झाली. 1950 च्या दशकात 25 ते 54 वयाच्या शंभर पुरुषांपैकी 97 जण नोकरीत तरी असत किंवा नोकरीच्या शोधात. आज 89 च्या आसपास. बातम्यांत मात्र दिसतात ते मंदीचे चढउतार. 2009 मध्ये बांधकाम आणि मोटारींचे कारखाने थंडावले, तेव्हा पुरुषांची बेरोजगारी 10 टक्क्यांवर, बायकांची 8 च्या आसपास. 2020 च्या टाळेबंदीत हॉटेलं-दुकानं बंद पडली आणि चित्र उलटलं. पण 97 चे 89 होतात, त्याची बातमी कोण देणार?

जपानमध्ये 2002 साली पुरुषांची बेरोजगारी साडेपाच टक्क्यांपर्यंत चढली. तिथल्या मानाने हे भयंकर होतं. आता ती बरीच खाली आहे. मात्र 2019 मध्ये तिथल्या सरकारनेच एक अंदाज जाहीर केला: चाळीस ते चौसष्ट वयाची 6 लाख 13 हजार माणसं घरात कोंडून घेऊन राहताहेत. चारातले तीन पुरुष.

[दृश्य: पोर्ट टॅलबोट, समुद्राकाठच्या भट्ट्या]

आणि यातला एक धागा थेट मुंबईला येतो. कॉन्सेटचा कारखाना बंद करणारी ब्रिटिश स्टील पुढे एका डच कंपनीत मिसळून ‘कोरस’ झाली. 2007 मध्ये कोरस टाटा स्टीलने घेतली. 30 सप्टेंबर 2024 ला वेल्समधल्या पोर्ट टॅलबोटची शेवटची झोतभट्टी विझवली गेली. कंपनीने तोट्याचं कारण दिलं, जागी विजेवरची भट्टी येईल म्हणून सांगितलं. ब्रिटनभरात मिळून 2,800 पर्यंत नोकऱ्या जाणार, असा तेव्हाचा हिशोब.

तिथल्या बेरोजगारीचा दर पुढच्या काही वर्षांत कदाचित फारसा हलणारही नाही. सरकारी तक्त्यात त्याच्या शेजारीच आणखी एक रकाना असतो, ‘आर्थिकदृष्ट्या निष्क्रिय’, म्हणजे नोकरीतही नाहीत आणि नोकरीच्या शोधातही नाहीत असे. तो वाचायचा.